७२ तास मोजायचे कुठून?

महोदय,

२०२१ च्या अखेरीस, कोविडच्या साथीत, परदेशातून विमानाने भारतात येणाऱ्यांना प्रवासाआधीच्या ७२ तासांतला आरटीपीसीआर निगेटिव्ह अहवाल लागत असे. घोळ व्हायचा तो इथेच. हे तास अहवाल हाती पडल्यापासून नव्हे, नमुना घेतल्यापासून मोजत. अहवालावर नमुना घेतल्याची तारीख-वेळ आहे का, नाव पासपोर्टशी अक्षर न् अक्षर जुळते का, हे प्रयोगशाळेच्या काउंटरवरच पाहायला हवे होते. मगच तो ‘एअर सुविधा’ या केंद्र सरकारच्या पोर्टलवर चढवायला हवा होता.

१ डिसेंबर २०२१ पासून सरकारने जोखमीचे ठरवलेल्या देशांतून आलेल्यांची विमानतळावरही चाचणी होऊ लागली. ती निगेटिव्ह आली तरी सात दिवस गृहविलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी, असा नियम होता. लागण होऊन एक-दोनच दिवस झाले असतील, तर नाका-घशातला विषाणू चाचणीत सापडण्याइतका वाढलेला नसतो. म्हणून ही आठव्या दिवसाची चाचणी सर्वांत महत्त्वाची होती, आणि नेमकी तीच टळण्याची भीती जास्त होती. विटा, आटपाडीकडच्या प्रवाशाला त्यासाठी वडापने (शेअर जीपने) सांगली-मिरजेला धाडणे म्हणजे त्याला विलगीकरण मोडायला लावणेच होते! आरोग्य विभागाने हा नमुना घरी जाऊन घ्यायला हवा होता. तो थंड पेटीत २ ते ८ अंशांत ठेवून त्याच दिवशी प्रयोगशाळेत पोचवायला हवा होता.

– प्रयोगशाळा तंत्रज्ञ, सांगली