टीव्हीवरच्या मसल कार आणि त्यांचा कीस काढणारे फॅन्स

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

तुमच्या पुरवणीत जुन्या अमेरिकन टीव्ही सिरियलमधल्या गाड्यांवर लेख आला होता, तो आवडला, फोटो पण मस्त होते. पण शेवटी या गाड्या आज परत बनवणाऱ्या लोकांबद्दल जे लिहिलंय, की ही रिकामटेकडी माणसं आहेत आणि गाडीवर रंगवलेला पट्टा किती इंच रुंद होता यावर तासन्‌तास वाद घालत बसतात, ते अजिबात पटलं नाही म्हणून हे पत्र लिहितोय. वाद घालतात हे खरंय. पण का घालतात ते लेखात कुठेच आलं नाही, आणि माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

आधी ‘जनरल ली’ या गाडीचंच घ्या, कारण तुमच्या लेखात पण पहिला फोटो तिचाच होता. ती ज्या सिरियलमधली, ती ‘ड्यूक्स ऑफ हॅझर्ड’ सीबीएस या अमेरिकन चॅनलवर जानेवारी 1979 ला सुरू झाली आणि फेब्रुवारी 1985 ला संपली, एकूण 147 एपिसोड. केशरी रंगाची 1969 ची डॉज चार्जर, दारावर 01, आणि जवळपास प्रत्येक एपिसोडमध्ये ती कुठल्यातरी ओढ्यावरून नाहीतर पोलिसांच्या गाडीवरून उडी मारणार. आता चार्जरचं इंजिन अवजड आणि ते पुढे, त्यामुळे हवेत गेली की नाक खाली जायचं, म्हणून स्टंटवाले डिकीत वाळूच्या गोण्या किंवा काँक्रीटचं वजन भरायचे. एवढं करूनही खाली आपटल्यावर गाडीचा सांगाडाच वाकायचा आणि ती परत धड चालवण्याच्या लायकीची राहायची नाही. एक उडी, एक गाडी. असं करत करत सहा-सात वर्षांत तीनशेच्या आसपास गाड्या संपल्या, हिशेब वेगवेगळे सांगतात पण आकडा साधारण तिथेच जातो.

आज हे ऐकून वाईट वाटतं पण तेव्हा कोणाला काही वाटत नव्हतं, कारण 1979 मध्ये दहा वर्षं जुनी चार्जर म्हणजे नुसती पेट्रोल पिणारी सेकंडहँड गाडी. 1964 ला पाँटिअ‍ॅकने मधल्या साइजच्या गाडीत मोठं इंजिन टाकून जीटीओ काढली तिथून मसल कारचं, म्हणजे अशा ताकदवान गाड्यांचं वेड सुरू झालं, आणि 1970 नंतर इन्शुरन्सचे हप्ते, धुराचे नियम आणि मग 1973 चं तेलाचं संकट, या सगळ्यात ते मावळलं. भाव पडले म्हणून सिरियलवाल्यांना त्या आपटायला परवडल्या. पुढे तर चार्जर मिळेनाशा झाल्या, रस्त्यात दिसलेल्या चार्जरच्या वायपरखाली ‘विकायची आहे का’ अशा चिठ्ठ्या लावायचे असं सांगतात. मग 1968 च्या चार्जरला 69 ची ग्रिल, म्हणजे पुढची जाळी, आणि मागचे लाइट बसवून चालवलं, लांबून कळत नाही म्हणून एएमसी अँबॅसडरला केशरी रंग मारून उडवलं, आणि शेवटच्या सीझनमध्ये तर उड्यांसाठी छोटी मॉडेल वापरली.

तर ज्या गाडीला सगळं जग एक गाडी समजतं ती कधीच एक गाडी नव्हती. मग आज एखाद्याला ती बनवायची असेल तर त्याने नक्की कुठली बनवायची? पहिले पाच एपिसोड जॉर्जियात शूट झाले, नंतर सगळं कॅलिफोर्नियाला गेलं, आणि दोन्हीकडच्या गाड्या सारख्या नाहीत. सुरुवातीच्या गाड्यांवर मागच्या काचेच्या आणि डिकीच्या मधल्या पत्र्यावर एकमेकांवर तिरपे ठेवलेले दोन झेंडे काढलेले असायचे, एक रेसचा चौकड्यांचा आणि दुसरा कॉन्फेडरेट, म्हणजे अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या दक्षिणेचा, ते पुढे बंद झाले. आतला रंग टॅन हवा, पण विकत आणलेल्या गाडीत आतून काळा असेल नाहीतर दुसरा कुठला, तर सरळ स्प्रे मारून द्यायचे. अशा वेळी एक माणूस म्हणतो झेंडे होते आणि दुसरा म्हणतो नव्हते तेव्हा बरेचदा दोघंही बरोबर असतात, फक्त दोघांनी वेगवेगळ्या सीझनची गाडी बघितलेली असते. हे कळायला एकेक सीन थांबवून थांबवून बघावा लागतो. स्टुडिओसाठी ते शूटिंगचं सामान होतं, वापरलं आणि टाकलं. त्यात कुठल्या वर्षी काय बदललं हे ज्यांनी जुळवून ठेवलं ते हेच लोक, ज्यांना तुमच्या लेखात रिकामटेकडे म्हटलंय.

आणि याचा प्रत्यक्ष उपयोग झालाय बरं का. सिरियलसाठीची पहिली मोठी उडी 11 नोव्हेंबर 1978 ला जॉर्जियात ऑक्सफर्ड कॉलेजच्या आवारात मारली, क्रेग बॅक्सली नावाचा स्टंटमन गाडीत होता, गाडी सोळा फूट वर गेली आणि ब्याऐंशी फूट लांब जाऊन पडली. तोच शॉट पुढे सिरियलची ओळख झाला. आणि ती गाडी? ती भंगारात गेली आणि वीसेक वर्षं तिथेच सडत होती. 2000 च्या सुमारास जॉर्जियातल्याच एका भंगाराच्या आवारात ती सापडली, तीसुद्धा काय शोधायचं हे माहीत असणारी माणसं तिच्यापर्यंत पोचली म्हणून, नाहीतर तिथून जाणाऱ्या दुसऱ्या कोणालाही तो गंजलेला पत्राच दिसला असता. मग तिचं रेस्टोरेशन झालं आणि जानेवारी 2012 मध्ये लिलावात गोल्फर बबा वॉटसनने ती 1,10,000 डॉलरला घेतली. पट्ट्या-रंगांवर वर्षानुवर्षं वाद घातलेले लोक नसते तर त्या गाडीचा चेंदा होऊन लोखंड वितळवलं गेलं असतं, इतकं सरळ आहे हे.

‘स्टार्स्की अँड हच’चं उदाहरण तर याहून मजेशीर आहे. लाल फोर्ड ग्रॅन टोरिनो, बाजूने मागे जाऊन छतावर चढणारा पांढरा पट्टा. सिरियल 1975 ते 1979 एबीसीवर चालली आणि गाडीची इतकी क्रेझ झाली की 1976 मध्ये फोर्डनेच फॅक्टरीत हजारएक गाड्या तशा रंगवून विकायला काढल्या. म्हणजे कंपनीची अधिकृत कॉपी. पण त्या हजार गाड्यांवरच्या पट्ट्याचा आकार टीव्हीवरच्या पट्ट्याशी तंतोतंत जुळत नाही, थोडा फरक आहे! मग ज्याला पडद्यावरचीच गाडी हवी तो काय करतो, पडद्यावरच्या फ्रेमवरून मापं काढून स्वतः पट्टा आखतो, मागची बाजू टीव्हीवरच्यासारखी उचलतो, चाकं तशीच मॅग व्हील शोधून आणतो. आणि ज्याच्याकडे फोर्डची हजारातली एक आहे तो म्हणतो की माझ्या गाडीचा पट्टा फॅक्टरीत मारलाय, त्याला कोणी हात लावायचा नाही. आता यात बरोबर कोण? मला विचाराल तर दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत, एक टीव्हीचा इतिहास सांभाळतोय आणि दुसरा फोर्डचा, फक्त एकाला दुसऱ्याच्या नावाने विकू नये. त्या काळची टोरिनो पळण्यात बेताचीच होती म्हणून ती खरी मसल कारच नाही असं म्हणणारे पण खूप आहेत आणि ते चूक नाहीत, पण तो वाद इथे नको.

अजून एक सांगितल्याशिवाय राहवत नाही. ‘रॉकफर्ड फाइल्स’मध्ये जेम्स गार्नर सोनेरी रंगाची पाँटिअ‍ॅक फायरबर्ड एस्प्रिट चालवतो, म्हणजे साधं मॉडेल, कारण कथेतल्या डिटेक्टिव्हच्या खिशाला तेच झेपणार. पण पाठलागाच्या सीनला साधी गाडी पुरत नाही, म्हणून प्रत्यक्षात फॉर्म्युला नावाचं दमदार मॉडेल घ्यायचे, त्याचं बॉनेट बदलायचं, नावाच्या पट्ट्या काढायच्या आणि एस्प्रिट म्हणून चालवायचं. लोकांना हे कळलं कशावरून, तर गाडी वळताना मागे सायलेन्सरचे दोन पाइप दिसतात त्यावरून! आता अशी गाडी बनवणाऱ्याने एस्प्रिट घ्यायची का फॉर्म्युला घेऊन एस्प्रिट करायची? मी तर फॉर्म्युलावाल्याच्या बाजूचा आहे, कारण सेटवर जे केलं तेच तो करतोय. पण समोरचा म्हणतो कथेत एस्प्रिट आहे ना, मग एस्प्रिटच पाहिजे, आणि त्यालाही काही उत्तर नाही.

‘नाइट रायडर’मधली बोलणारी गाडी किट, म्हणजे 1982 ची काळी पाँटिअ‍ॅक ट्रान्स अ‍ॅम, तिच्या फॅन्सचं काम तर अर्धं इलेक्ट्रॉनिक्सचं आहे. सुरुवातीच्या एपिसोडमध्ये किट बोलताना नुसता एक लाल चौकोन उघडझाप करायचा, वरखाली नाचणाऱ्या तीन लाल पट्ट्या नंतर आल्या, त्यामुळे तिथेही पहिला प्रश्न हाच की कुठल्या काळातली किट. शूटिंगच्या बहुतेक गाड्या नंतर मोडीत काढल्या, त्यामुळे डॅशबोर्ड कसा होता हे लोकांनी परत शून्यातून उभं केलंय.

आता जे खटकतं ते पण लिहितो, नाहीतर मी एकतर्फी वाटेन. एक म्हणजे चांगली, धडधाकट, फॅक्टरीच्या रंगातली 69 ची चार्जर घेऊन तिची जनरल ली करणं मला पटत नाही. सिरियलने तीनशे संपवल्या, उरलेल्यांत आपण भर कशाला घालायची? ज्या गाडीचा पत्रा खालून गेलाय, इंजिन दुसरीकडचं आहे, तिच्या बॉनेटखाली मूळ रंग आणि इंजिनची नोंद असलेली फॅक्टरीची छोटी पट्टी पण राहिलेली नाही, अशी घ्या आणि खुशाल केशरी करा, ती वाचेल तरी. आणि कॉपी असेल तर कॉपी म्हणून सांगा. ‘शूटिंगला वापरलेली’ म्हटलं की किंमत कुठल्या कुठे जाते, म्हणून तसे दावे करणारे निघतातच, आणि त्यांचा चेसिस नंबर, वेल्डिंगच्या खुणा, रंगाखालचे रंग तपासून खोटं उघडं पाडणारे पण हेच कीस काढणारे लोक असतात.

दुसरं म्हणजे जनरल लीच्या छतावर रंगवलेला कॉन्फेडरेट झेंडा. तुमच्या लेखात त्याला ‘रंगीत डिझाइन’ म्हणून सोडून दिलंय, ते चुकीचं आहे. तो अमेरिकेच्या यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणेच्या सैन्याचा झेंडा आहे, आणि गाडीचं नावसुद्धा त्याच सैन्याचा सेनापती रॉबर्ट ली याच्यावरून. जून 2015 मध्ये चार्ल्सटनला कृष्णवर्णीयांच्या चर्चमध्ये नऊ जणांची हत्या झाली, त्यानंतर वॉर्नर ब्रदर्सने झेंडा असलेल्या खेळण्यातल्या गाड्यांना परवानगी देणं थांबवलं, टीव्ही लँड या चॅनलने जुने एपिसोड दाखवणं बंद केलं, आणि बबा वॉटसनने आपल्या गाडीवरचा झेंडा काढून अमेरिकेचा राष्ट्रध्वज रंगवणार असं जाहीर केलं. उलट इलिनॉयमधल्या व्होलो म्युझियमने 2020 मध्ये आपली जनरल ली आहे तशीच ठेवणार असं सांगितलं. फॅन्समध्ये यावरून आजही उभी फूट आहे. माझं मत असं की शूटिंगला खरंच वापरलेली गाडी म्युझियममध्ये आहे तशी राहू दे, शेजारी झेंड्याचा सगळा इतिहास लिहून. पण आज नवीन बनवून रस्त्यावर आणणार असाल तर छत केशरीच ठेवा. ज्या माणसाच्या पणजोबाला त्या झेंड्याखाली विकलं गेलं त्याला सिग्नलला शेजारी उभं राहून ते बघावं लागतं, आणि ‘आम्हाला फक्त सिरियल आठवते’ हे त्याला द्यायचं उत्तर नाही. इंचाइंचाचा खरेपणा मागणाऱ्या लोकांनी हा खरेपणा पण मानायला हवा, आणि बरेच जण मानतातही.

शेवटी तुमच्या लेखातल्या पहिल्या फोटोबद्दल. खाली ‘सिरियलमधली मूळ गाडी’ असं छापलंय. नीट बघा, ग्रिल मधोमध विभागलेली आहे म्हणजे 69 ची, पण पुढच्या चाकाच्या अलीकडचा बाजूचा छोटा लाइट गोल आहे, 69 ला तो चौकोनी लांबट असतो, गोल असतो 68 ला. म्हणजे ही 68 ची चार्जर आहे आणि कोणीतरी ती 69 करून घेतलीय, आता ते सिरियलवाल्यांनी केलं का नंतर कुठल्या फॅनने, हे एवढ्या फोटोवरून सांगता येत नाही. तुमच्याकडे त्याच गाडीचा मागून किंवा आतून काढलेला फोटो असेल तर तो पण छापा, आणि तोपर्यंत फोटोखालची ओळ तेवढी दुरुस्त करा ही विनंती.

आपला,
एक नियमित वाचक