बंद लिनिअरच्या पोटातले दोन हजार व्होल्ट

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की कूलरचा शॉक लागून कोणी दगावल्याची बातमी दरवर्षी वाचावी लागते, आणि तिच्या जोडीने आरसीसीबी (करंट गळताच वीज तोडणारा स्विच) बसवा, टाकीत पाणी भरण्याआधी प्लग काढा, अशा सूचनाही छापून येतात. त्या सूचना योग्यच आहेत. परंतु आम्हा हौशी रेडिओचालकांच्या, म्हणजे हॅम मंडळींच्या घरी एक वस्तू अशी असते, की जिच्या बाबतीत या दोन्ही सूचना पाळूनही जीव जाऊ शकतो. ती वस्तू म्हणजे व्हॉल्व्हचा (काचेच्या निर्वात नळ्यांचा) पॉवर अॅम्प्लिफायर, म्हणजे रेडिओ संदेशाची ताकद वाढवणारे यंत्र, ज्याला आम्ही नुसते ‘लिनिअर’ म्हणतो.

आमचा नेहमीचा शंभर वॅटचा रिग, म्हणजे रेडिओ संच, १३.८ व्होल्टवर चालतो. त्याच्या तारांना चुकून हात लागला तरी सहसा काही जाणवत नाही, आणि नव्या परवानाधारकांचे हात याच सवयीत तयार होतात. लिनिअरचे तसे नाही. ८०७ क्रमांकाच्या व्हॉल्व्हच्या प्लेटला, म्हणजे त्याच्या धन टोकाला, सुमारे ६०० व्होल्ट लागतात, ८१३ ला २,००० च्या आसपास, तर परदेशी बनावटीच्या मोठ्या लिनिअरमध्ये ३,००० व्होल्टही असतात. त्यातही ८०७ आणि ८१३ या दोन्ही व्हॉल्व्हची प्लेटची टोपी काचेच्या माथ्यावर उघडी असते, म्हणजे झाकण काढल्यावर हात सर्वात आधी जिथे जाईल नेमकी तिथेच.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी दोन ८१३ व्हॉल्व्हचा एक घरगुती बनावटीचा लिनिअर जुना म्हणून विकत घेतला. त्याच्या पॉवर सप्लायमध्ये २५ मायक्रोफॅरडचा तेलभरला कंडेन्सर (वीज साठवून ठेवणारा भाग) होता आणि त्यावर साधारण २,२०० व्होल्ट चढत असत. हिशेब केला तर हा साठा ६० जूलचा होतो. थांबू पाहणाऱ्या हृदयाची लय परत आणण्यासाठी डॉक्टर छातीवरून १२० ते २०० जूलचा झटका देतात, हे लक्षात घेतले म्हणजे ६० जूल किती, याचा अंदाज येईल. एका रात्री मी तो लिनिअर बंद केला, प्लगही काढला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी व्हॉल्व्ह बदलण्यासाठी झाकण उघडले. पेचकस प्लेटच्या टोपीला लागून चेसिसला, म्हणजे यंत्राच्या धातूच्या सांगाड्याला, टेकला आणि गोळी सुटावी तसा आवाज झाला. पेचकसाचे टोक वितळून उडाले होते. त्या जागी माझे बोट असते, तर हे पत्र लिहायला मी उरलो असतो का, याची मला शंका आहे.

दोष होता एका रेझिस्टरचा. वीज बंद झाल्यावर कंडेन्सर रिकामा व्हावा म्हणून त्याच्या दोन टोकांना ब्लीडर नावाचा रेझिस्टर जोडलेला असतो. माझ्या लिनिअरमध्ये तो १०० किलोओहमचा होता. तो धड असता तर बारा-तेरा सेकंदांत व्होल्टेज पंधरापर्यंत उतरले असते. पण हा रेझिस्टर यंत्र चालू असेपर्यंत सुमारे ४८ वॅट उष्णता सोसतो. बंद पेटीत, त्यातही आपल्याकडच्या ४५ अंशांच्या मे महिन्यात, वर्षानुवर्षे तापत राहिल्यावर त्याची तार आतून तुटते. तुटल्यावर यंत्राच्या कामात काहीच फरक पडत नाही, आवाज तोच, पॉवर तीच, त्यामुळे मालकाला पत्ता लागत नाही. पॅनेलवरचा मीटरही प्लेटचा करंट दाखवणारा होता, व्होल्टेज दाखवणारा नव्हता. चांगल्या तेलभरल्या कंडेन्सरमध्ये असा साठा कित्येक दिवस टिकतो, शिवाय एकदा शॉर्ट करून सोडून दिला तरी थोड्या वेळाने त्यावर काही व्होल्टेज आपोआप परत येते.

आरसीसीबी इथे का मदत करत नाही, हेही नीट समजून घ्यायला हवे, कारण माझ्या ओळखीच्या शिकल्या-सवरल्या माणसांचाही यात घोटाळा होतो. फेजमधून गेलेला करंट न्यूट्रलमधून तेवढाच परतला की नाही, एवढेच ते उपकरण पाहते, आणि फरक ३० मिलिअँपियरवर गेला की तुटते. लिनिअरच्या ट्रान्सफॉर्मरचे दुय्यम वेटोळे मात्र मेन्सपासून, म्हणजे घरच्या वीजपुरवठ्यापासून, अलग असते. तिथला करंट माणसाच्या अंगातून चेसिसमध्ये आणि तिथून त्याच वेटोळ्यात परत जातो, त्यामुळे घराच्या बोर्डाला सगळे सुरळीत दिसते. कंडेन्सरच्या साठ्याला तर मेन्सची गरजच नसते.

म्हणून माझी आमच्याच मंडळींना, विशेषतः भंगारातून सामान जमवणाऱ्या तरुणांना, विनंती आहे. लाकडी किंवा फायबरची हातभर काठी घ्यावी, टोकाला पितळी हूक लावावा, हुकापासून जाड लवचीक तार काढून ती चेसिसला घट्ट कसावी, आणि झाकण उघडताच कंडेन्सर आधी काही किलोओहमच्या दणकट रेझिस्टरमधून व मग थेट हुकाने रिकामा करून, काम संपेपर्यंत तो हूक तिथेच अडकवून ठेवावा. सीताबर्डीच्या दुकानांत मिळणारा साधा मल्टिमीटर फार तर १,००० व्होल्टपर्यंतचा असतो. तो यासाठी वापरू नये, हाय व्होल्टेजचा वेगळा प्रोब वापरावा. झाकण काढताच मेन्स तोडणारा स्विच असेल, तर तो गैरसोयीचा म्हणून बायपास करू नये. अंगठी, कडे, धातूच्या पट्ट्याचे घड्याळ काढून ठेवावे. एक हात खिशात ठेवण्याची जुनी शिकवण करंटला छातीतून वाट मिळू नये यासाठी आहे. घामेजल्या अंगाने तर या कामाला बसूच नये. हल्ली भंगारातल्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून त्यावर स्वस्तात सप्लाय बांधण्याचा मोह होतो. तो सुमारे २,००० व्होल्ट देतो, शेकडो मिलिअँपियर सहज पुरवतो, आणि त्याच्या वेटोळ्याचे एक टोक लोखंडी गाभ्यालाच जोडलेले असते. तो नवशिक्याच्या हाती देऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

आमच्या ज्येष्ठांना शॉकचे किस्से शौर्यकथेसारखे सांगण्याची खोड आहे. मीही बरीच वर्षे पेचकसाची गोष्ट हसत हसतच सांगत असे. त्यापेक्षा जुना लिनिअर विकताना तो बंद करून, ग्राहकासमोर ब्लीडर मोजून दाखवण्याची प्रथा पडली तर बरे होईल. माझ्या बाबतीत विकणाऱ्याने ती दोन मिनिटे दिली नव्हती.

आणखी एक गोष्ट घरच्यांसाठी. लिनिअर उघडायचा असेल तेव्हा मी घरात एकटा नसेन अशीच वेळ निवडतो. मला शॉक लागला तर आधी मला हात न लावता मेन स्विच पाडायचा, काठीने तारेपासून दूर करायचे, १०८ ला फोन करायचा, आणि श्वास नसेल तर छातीच्या मधोमध मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच सेंटिमीटर खोल दाब देत राहायचे, हे माझ्या पत्नीला ठाऊक आहे. काठी शॅकच्या, म्हणजे माझ्या रेडिओच्या खोलीच्या, दाराशी खिळ्याला टांगलेली असते, आणि मेन स्विचपर्यंत अंधारात पोहोचण्याचा सराव आम्ही दर मार्चमध्ये, कूलर बाहेर काढण्याच्या दिवशी, एकदा करून घेतो.

आपला,
एक परवानाधारक हौशी रेडिओचालक
नागपूर