एडिंबराला जाताना नाक बरोबर न्या

संपादक महोदय,

आपल्या पर्यटन पुरवणीत एडिंबरातील व्हिस्की दालनांवर सचित्र लेख आला होता. मुलं तिकडे शिकायला किंवा नोकरीला असल्यामुळे दर उन्हाळ्यात पुण्यातून ब्रिटनला जाणारे आईवडील बरेच आहेत, त्यांना असा लेख उपयोगाचा. पण त्यातली बहुतेक जागा भिंतभर पडदे, धुकं आणि रंगीत दिव्यांनी खाल्ली. ग्लासाबद्दल जे एक वाक्य होतं, ते चुकीचं होतं: ‘तिकिटात चार पेग मिळतात’.

पेग हे आपलं माप. स्मॉल ३० मिलि, लार्ज ६० मिलि. ब्रिटनच्या बारमध्ये माप २५ किंवा ३५ मिलिचं असतं, आणि टेस्टिंगच्या ग्लासात साधारण १५ ते २५ मिलि ओततात. १५ मिलिचे चार नमुने म्हणजे आपला एक लार्ज पेग. २५ मिलिचे चार झाले तर मात्र तीन स्मॉलच्या वर जाता, आणि ४० टक्क्यांच्या हिशोबाने पोटात ४० मिलि शुद्ध अल्कोहोल जातं. तिकडे १० मिलिला एक युनिट म्हणतात, म्हणजे चार युनिटं. ब्रिटनच्या सरकारी आरोग्य सल्ल्यात आठवड्याची मर्यादा १४ युनिटांची आहे. म्हणून तिकीट काढताना ‘किती ग्लास’ एवढंच न विचारता ‘किती मिलिचे’ हेही विचारावं, आणि विमानातून उतरून रिकाम्या पोटी थेट तिथे जाऊ नये.

आता दालनांविषयी. किल्ल्याजवळ, रॉयल माईल या जुन्या रस्त्याच्या वरच्या टोकाला ‘स्कॉच व्हिस्की एक्स्पीरियन्स’ आहे. जुन्या शाळेच्या इमारतीत ते १९८८ साली सुरू झालं. पिंपाच्या आकाराच्या गाडीत बसवून व्हिस्की कशी बनते ते दाखवणारं म्हणून ते ओळखलं जायचं. एका ब्राझिलियन संग्राहकाने, क्लाइव्ह विडिझ यांनी, सुमारे ३५ वर्षं जमवलेल्या ३,३८४ बाटल्या तिथे मांडल्या आहेत, आणि फोटो काढायचाच असेल तर तो तिथे काढावा. दुसरं ‘जॉनी वॉकर प्रिन्सेस स्ट्रीट’, सप्टेंबर २०२१मध्ये जुन्या डिपार्टमेंट स्टोअरच्या आठ मजली इमारतीत उघडलेलं. ते एकाच ब्रँडचं घर आहे, हे मनात धरून जावं. तिथे आवडीनिवडीचे प्रश्न विचारून तुमच्या चवीचं पेय सुचवतात. करमणूक छान आहे, पण चव शिकायची तर पहिलं बरं, असं आमचं मत.

पडद्यावर प्रक्रिया भराभर सरकते, म्हणून मुख्य टप्पे आधीच डोक्यात असलेले बरे. सातू भिजवून मटकीसारखे मोड आणतात, कारण मोड येताना तयार होणारी विकरं पुढे पिठाची साखर करतात. मोड आलेला सातू, म्हणजे माल्ट, वाळवताना खाली पीट जाळलं तर धुराचा वास दाण्यात मुरतो. पीट म्हणजे दलदलीत कुजून दबलेल्या वनस्पतींचा थर, वाळवून जाळतात तो. मग दळून गरम पाण्यात साखर उतरवायची, यीस्ट घालून दोन ते चार दिवस आंबवायची, की साधारण ८ टक्क्यांची बिअरसारखी आंबवण तयार होते. ती तांब्याच्या भट्टीत बहुधा दोनदा ऊर्ध्वपातित करतात. तांबं शोभेसाठी नसतं, ते गंधकयुक्त दुर्गंधी ओढून घेतं.

इथे मराठी माणसाने एका गोष्टीकडे मुद्दाम लक्ष द्यावं. आपल्याकडे ‘पहिल्या धारेची’ हे कौतुक आहे. स्कॉच करणारा पहिली धार बाजूला काढतो. तिच्यात अ‍ॅसिटाल्डिहाइड, इथाइल अ‍ॅसिटेट अशी झटकन उडणारी, नेलपॉलिश रिमूव्हरसारखी वास मारणारी द्रव्यं असतात. शेवटची धार जड, तेलकट, ओल्या चामड्याच्या वासाची. पिंपात जाते ती मधली, साधारण ७५ ते ६० टक्क्यांच्या दरम्यानची, आणि पहिली-शेवटची पुढच्या घाण्यात परत टाकतात. कुठे कापायचं, हाच त्या कारखान्याचा स्वभाव. मार्गदर्शकाला एकच प्रश्न विचारायचा असेल तर हा विचारा, त्याला बरं वाटेल.

पुढचं काम लाकडाचं. स्कॉटलंडमध्ये, ७०० लिटरपेक्षा मोठ्या नसलेल्या ओकच्या पिंपात, किमान तीन वर्षं, आणि बाटलीत किमान ४० टक्के, असा कायदा आहे. अमेरिकेत बर्बन या तिथल्या व्हिस्कीला नवं जाळलेलं पिंपच लागतं, म्हणून तिथली साधारण २०० लिटरची वापरलेली पिंपं स्कॉटलंडला मुबलक मिळतात. पिंपातून दरसाल सुमारे २ टक्के माल हवेत उडतो. बेंगळुरूच्या हवेत हेच प्रमाण १० टक्क्यांच्या वर जातं, आणि त्यामुळे आपल्याकडचं सिंगल माल्ट (एकाच कारखान्यातली, फक्त माल्टची व्हिस्की) चार-पाच वर्षांत जे गाठतं त्याला तिकडे बरीच जास्त वर्षं लागतात. बेंगळुरूच्याच ‘अमृत’ने २००४ साली आपलं सिंगल माल्ट पहिल्यांदा बाजारात आणलं ते ग्लासगोतच, हे तिथल्या माणसाला आठवण करून द्यायला हरकत नाही. मळीच्या स्पिरिटपासून केलेली आपली बहुतेक ‘व्हिस्की’ मात्र युरोपात त्या नावाने विकता येत नाही, कारण तिथे धान्यच लागतं. साखर कारखान्यांच्या जिल्ह्यात राहून हा फरक ठाऊक नसावा, हे थोडं गमतीचं आहे.

बाटलीवरचं ‘१२ वर्षं’ म्हणजे मिश्रणातल्या सगळ्यात लहान व्हिस्कीचं पिंपातलं वय. बाटलीत ते थांबतं. कपाटात दहा वर्षं ठेवलेली १२ वर्षांची बाटली २२ वर्षांची होत नाही. रंगावरूनही वय ओळखू नये, कारण स्कॉचमध्ये साधा कॅरामल रंग घालायला परवानगी आहे. सोनेरी झोताखाली ग्लास धरायला लावणारा दिवा बघायला सुरेख असतो, इतकंच.

आता ग्लास. ट्यूलिपच्या कळीसारखा, खाली फुगीर, वर निमुळता हवा, म्हणजे वास तोंडाशी गोळा होतो. सरळ काठाच्या टंबलरमधून तो पसरून जातो. तळाशी धरा. वाइनसारखा गरागरा फिरवू नका, त्याने अल्कोहोल उसळतं आणि नाक बधिर होतं. ग्लास आधी हनुवटीशी आणा, ओठ किंचित उघडे ठेवा, आणि हळूहळू वर न्या. पहिल्या हुंगण्यात फक्त झणका येतो, तो जाऊ द्या. नाक काढा, दोन श्वास घ्या, पुन्हा जा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी वास सुटे व्हायला लागतात.

मार्गदर्शक ‘ख्रिसमस केक’ म्हणतो आणि पुणेकर ‘हो, हो’ म्हणून मान डोलावतो. तसं करू नका. अमेरिकन ओकचा वास आपल्याला सुक्या खोबऱ्याच्या वाटीसारखा आणि व्हॅनिलासारखा येतो. शेरी या स्पॅनिश वाइनच्या पिंपाचा बेदाणा, खजूर, गुळाच्या ढेपेच्या अंगाने जातो. कोवळ्या माल्टमध्ये वेलची केळ्याचा वास येतो, तो आंबवतानाच तयार झालेला असतो. पीटचा वास म्हणजे होळीच्या दुसऱ्या दिवशीची राख, किंवा जुन्या दवाखान्यातलं टिंक्चर आयोडीन. आपले शब्द वापरले तर आठवण पक्की राहते, आणि मार्गदर्शकाला एखादा नवा शब्द मिळतो.

पहिला घोट तोंडाला सवय करण्यापुरता, दोन-तीन मिलिचा. त्यावरून मत बनवू नका. दुसरा जिभेवर चार-पाच सेकंद फिरवा, गिळल्यावर तोंड मिटून नाकातून श्वास सोडा. खरी चव तिथे कळते.

पाणी घालायला लाजू नका. कारखान्यात वास पारखणारे २० टक्क्यांपर्यंत पातळ करून हुंगतात. १५ मिलि, ४३ टक्केवाल्या व्हिस्कीत चहाचा एक चमचा म्हणजे ५ मिलि पाणी घातलं की ती सुमारे ३२ टक्के होते. पिंपातून पाणी न मिसळता बाटलीत भरलेली ६० टक्केवाली असेल तर तोच चमचा तिला ४५ वर आणतो. पाण्याने वास का खुलतो, याचं कारण स्वीडनच्या लिनेयस विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७मध्ये संगणकी मांडणीतून दाखवलं. धुराचा वास देणारा ग्वायाकॉल ४५ टक्क्यांपर्यंत पृष्ठभागाशी राहतो, ५९ टक्क्यांच्या वर अल्कोहोलच्या वेढ्यात आत बुडतो. पाणी थेंबाथेंबाने, खोलीच्या तापमानाचं, बिनवासाचं हवं. बर्फ नको, थंडीत वास दबतात. पाणी घातल्यावर थोडं गढूळ झालं तर भेसळ समजू नये. थंड करून गाळलेली नसली की ४६ टक्क्यांच्या खाली आल्यावर तिच्यातले मेदाम्लांचे एस्टर बाहेर येतात, ते दिसतं.

चार नमुन्यांचा क्रम बिघडला तर तिकीट वाया. हलकी, ४० टक्केवाली आधी, शेरीची मग, धुराची शेवटी. पीटची आधी घेतली तर पुढचे तीन ग्लास राखेचेच लागतात. स्कॉटलंडच्या नकाशावरचे व्हिस्कीचे पाच प्रदेश, म्हणजे हायलंड, लोलंड, स्पेसाइड, आयला आणि कॅम्पबेलटाऊन, चवीचा अंदाज देतात, हमी नाही. आयला म्हटलं की धूर, असं सगळे सांगतात, पण तिथलीच ब्रुइक्लॅडी बिनधुराची असते आणि बुनाहावनही बहुतेक तशीच.

हे सगळं लिहिण्याचं आणखी एक कारण आहे. २४ जुलै २०२५ रोजी भारत-ब्रिटन व्यापार करारावर सह्या झाल्या. त्यात व्हिस्कीवरचं १५० टक्के आयातशुल्क ७५ वर आणि दहा वर्षांत ४० वर आणायचं ठरलं आहे. त्यामुळे पुण्यातही पडदे-धुक्याच्या अशा टेस्टिंग संध्याकाळी वाढतील. आयोजकांना सांगणं असं की दालनात सुवासिक धुकं सोडू नका, दारात सॅनिटायझर ठेवू नका, स्वागताला मोगऱ्याचा गजरा आणि अगरबत्ती नको. पाहुण्यांनीही त्या दिवशी अत्तर, पानमसाला टाळावा. नाक थकलं तर कॉफीच्या बिया हुंगण्यापेक्षा स्वतःची बाही हुंगावी. चखण्यात मसाला शेंगदाणे आणि लसणी शेव ही सगळ्यात मोठी चूक. मिरची आणि अल्कोहोल एकाच मज्जाग्राहीला डिवचतात, त्यामुळे आग दुप्पट आणि चव शून्य. साधा पाव किंवा बिनमिठाचं बिस्कीट पुरे. ग्लास तासभर आधी ओतून उघडे ठेवले तर वरचे हलके वास उडून जातात, त्यावर झाकणी हवी. खोली २० अंशांच्या आसपास, आणि एसीचा झोत टेबलावर नको. बोअरचं जड पाणी चालणार नाही. नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वास असेल तर ते रात्रभर उघड्या भांड्यात ठेवा. आणि प्रत्येक टेबलावर एक पिकदाणी ठेवा. थुंकणं असभ्य वाटतं खरं, पण व्यावसायिक चवपारखी तेच करतो.

कायद्याचं थोडक्यात. ब्रिटनमध्ये वय १८, महाराष्ट्रात व्हिस्कीला २५ पूर्ण, म्हणजे २२ वर्षांचा पुणेरी विद्यार्थी एडिंबरात चाखू शकतो, डेक्कनला नाही. इथे आयोजकाकडे राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना आहे ना, ते बघा, आणि अनंत चतुर्दशी, २ ऑक्टोबर यांसारखे कोरडे दिवस धरू नका. गाडी चालवण्याची मर्यादा १०० मिलि रक्तात आपल्याकडे ३० मिग्रॅ, स्कॉटलंडमध्ये ५०, इंग्लंडमध्ये ८०. आपल्याकडे पहिल्या गुन्ह्याला १० हजारांचा दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. रिक्षा करावी. स्कॉटलंडच्या बऱ्याच कारखान्यांत गाडी चालवणाऱ्याला त्याचा वाटा छोट्या बाटलीत भरून घरी देतात, मागून घ्यावा.

खरेदीत लेखाने फसवलं आहे. ‘व्हॅट परत मिळतो’ ही माहिती जुनी झाली, १ जानेवारी २०२१पासून पर्यटकांसाठीची ती सोय ग्रेट ब्रिटनमध्ये बंद आहे, म्हणजे दालनातल्या बाटलीवरचा २० टक्के कर तुमच्याच खिशातून. सामानात ७० टक्क्यांपेक्षा कडक बाटली विमानात चालत नाही. बाटली उभी ठेवावी, आडवी ठेवली तर कडक दारूने बूच भुसभुशीत होतं. भारतात माणशी २ लिटर शुल्कमुक्त आहे आणि ब्रिटनची बाटली ७०० मिलिची, त्यामुळे हौसेने घेतलेल्या तीन बाटल्या २.१ लिटर होतात आणि १०० मिलिसाठी कस्टम्सच्या टेबलाशी उभं राहावं लागतं. दोन मोठ्या बाटल्या आणि ५० मिलिच्या बारा छोट्या घेतल्या तर बरोबर दोन लिटर भरतात, आणि वाटायलाही त्या सोयीच्या.

आपला,
एक चवपारखी वाचक
एरंडवणे, पुणे
(नाव संपादकांकडे दिले आहे)