पडदा जाड आहे, पण कडेच्या फटीचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

थंडी सुरू झाली की घराची ऊब टिकवण्याचे उपाय सगळीकडे छापून येतात आणि त्यात ‘खिडक्यांना जाड पडदे लावा’ हा सल्ला हमखास असतो. सल्ला चुकीचा नाही, पण अपुरा आहे. त्या अपुऱ्या सल्ल्यावर आम्ही एक अख्खा हिवाळा काढला, म्हणून हे पत्र.

आमच्या बाहेरच्या खोलीत एकेरी काचेची मोठी खिडकी आहे. आई तिथेच खुर्ची टाकून वाचत बसते. आम्ही चांगला अस्तराचा जाड पडदा शिवून घेतला. खोली थोडी बरी वाटू लागली, आईचे पाय मात्र गारच राहिले. खिडकीच्या सांध्यांतून वारा येत असेल म्हणून सगळे सांधे बुजवले, तरी फरक पडेना. शेवटी एका रात्री टिशू कागदाची पातळ पट्टी पडद्याच्या खालच्या कडेशी धरून पाहिली, तर ती खोलीच्या दिशेने सतत फडफडत होती. वारा बाहेरून येतच नव्हता. तो आमच्या पडद्यामागे तयार होत होता!

काचेला टेकलेली हवा गार होते, जड होऊन खाली उतरते आणि पडद्याखालून जमिनीवर पसरते. तिची जागा भरायला वरच्या फटीतून खोलीतली उबदार हवा पडद्यामागे ओढली जाते. धुराड्यात हवा वर चढते, इथे ती खाली वाहते, एवढाच फरक. वर-खाली मोकळा असलेला पडदा हे चक्र थांबवत नाही.

या चक्राची किंमत लहान नाही. बाहेर 0 अंश आणि आत 20 अंश सेल्सिअस असताना एक चौरस मीटर एकेरी काचेतून साधारण 110 वॉट उष्णता बाहेर जाते. म्हणजे दहा तासांत एका युनिटहून जास्त. काचेचा आतला पृष्ठभाग तेव्हा जेमतेम 5 अंशांवर असतो. म्हणूनच खोलीतली हवा पुरेशी गरम असूनही खिडकीजवळ बसलेल्या माणसाला थंडी वाजते, कारण त्याच्या अंगातली उष्णता त्या गार काचेकडे जात राहते. खुद्द काच उष्णतेला जवळपास अडवतच नाही. अडवतो तो तिच्या दोन्ही बाजूंना चिकटलेला स्थिर हवेचा पातळ थर. खिडकीवर काहीही लावा, खरे काम कापड करत नाही, अडकून पडलेली हवा करते.

ग्लासगो कॅलेडोनियन विद्यापीठाने 2008 मध्ये हिस्टॉरिक स्कॉटलंड या जुन्या वास्तू जपणाऱ्या सरकारी संस्थेसाठी जुन्या एकेरी काचेच्या खिडकीवर मोजमापे केली होती. जाड पडद्याने काचेतून जाणारी उष्णता 14 टक्क्यांनी कमी झाली, साध्या रोलर ब्लाइंडने (वर गुंडाळता येणाऱ्या सपाट पडद्याने) 22 टक्क्यांनी आणि चौकटीत नीट मिटणाऱ्या जुन्या लाकडी झडपांनी तब्बल 51 टक्क्यांनी. जाडजूड पडद्यापेक्षा पातळ रोलर ब्लाइंड वरचढ ठरावा, हे मला फार बोलके वाटते.

आम्ही पुढच्या वर्षी मधमाश्यांच्या पोळ्यासारखे कप्पे असलेले ब्लाइंड बसवले. दिसायला कागदी आकाशकंदिलासारखे हलके, पण प्रत्येक कप्प्यात हवा कोंडलेली असते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या म्हणण्यानुसार, असे ब्लाइंड घट्ट बसवले तर खिडकीतून जाणारी उष्णता 40 टक्के किंवा त्याहून जास्त घटू शकते. ‘घट्ट’ हा शब्द कृपया कोणी वगळू नये. माप चौकटीच्या आतून, वर, मध्ये आणि खाली अशा तीन ठिकाणी घ्यावे, कारण जुनी चौकट क्वचितच काटकोनात असते. दोन्ही कडांना, ब्लाइंडची कड आत बसेल अशा, खाचेच्या पट्ट्या घ्याव्यात आणि खालची कडा कट्ट्यावर टेकली पाहिजे. आमच्याकडे खरा फरक या पट्ट्यांनी पडला. आता आई मोजे न घालता वाचत बसते.

खिडकीला आधीच चांगली दुहेरी काच असेल, तर एवढ्या बचतीची अपेक्षा धरू नये. तिथून जाणारी उष्णता मुळातच बरीच कमी असते. खिडकीखाली खोली तापवणारा रेडिएटर असल्यास पडदा त्याच्यावरून लोंबता कामा नये, नाहीतर सगळी ऊब काचेकडेच जाते.

ब्लाइंड लावून विसरून जाणेही बरोबर नाही. ऊन येणाऱ्या खिडकीवरचे ब्लाइंड दिवसा पूर्ण उघडावे, कारण काचेतून येणारे ऊन फुकटची ऊब आहे, आणि अंधार पडताच बंद करावे. आणखी एक गोष्ट विक्रेते सहसा सांगत नाहीत. ब्लाइंडमुळे काच पूर्वीपेक्षा जास्त गार पडते, त्यामुळे खोलीतल्या हवेतले बाष्प तिच्यावर दवासारखे जमते. सकाळी ब्लाइंड वर करून काच पुसली नाही, तर लाकडी चौकट कुजते आणि कोपऱ्यांत बुरशी धरते. आमच्या एका खिडकीचा खालचा कोपरा काळा पडल्यावरच हे आमच्या ध्यानात आले.

घरात लहान मूल असेल तर लोंबत्या दोरीचे ब्लाइंड अजिबात घेऊ नयेत. त्या दोरीचा गळ्याला फास बसून मुले दगावली आहेत. बिनदोरीचे ब्लाइंड मिळतात, तेच मागून घ्यावेत.

आपला नम्र,
एक वाचक