अक्कलकोटची स्कूटर

सोलापूर

प्रिय दत्ता,

दिवाळीनंतर तुझे दोन फोन आले, मी उचलले नाहीत. माझी शुगर ताब्यात आहे, गुडघा आहे तसाच.

स्वातीला मुलगी झाली, ३१व्या आठवड्यात. १३८० ग्रॅम. वहिनींना पाठवतो त्या शेंगाचटणीच्या पुड्याहून जरा जास्त. ‘सातव्यातलं जगतं’ असं सगळे म्हणतात, पण ते तुझ्याशी बोलायला माझी जीभ रेटेना.

रात्री अंगावरून पाणी जायला लागलं. जावई हैदराबादला. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बाळाच्या फुप्फुसांसाठी आईला स्टेरॉइड देऊ. स्टेरॉइड म्हटल्यावर मला आईचा शेवटच्या वर्षातला सुजलेला चेहरा दिसला. म्हटलं, जावयांना विचारतो. फोन लागेपर्यंत दीड तास गेला, दत्ता. डेक्सामेथासोन, ६ मिलिग्रॅम, दर १२ तासांनी, अशी ४ इंजेक्शनं. तीन झाली, आणि चौथ्याला तासभर उरला असताना बाळ आलं.

बाई म्हणतात, पहिल्या इंजेक्शनपासूनचे २४ तास मिळाले, तेच मोलाचे. कोवळ्या फुप्फुसांतले फुगे आतून चिकटतात. ते उघडे ठेवणारा थर या औषधाने लवकर तयार होतो. मेंदूतल्या रक्तस्रावाचा धोकाही कमी होतो. पाच दिवस नाकाला सीपॅप, म्हणजे दाबाने हवा देऊन फुप्फुसं उघडी ठेवणारं यंत्र होतं, आता निघालं. स्वाती तिला छातीशी बांधून बसते. तरी माझा तो दीड तास डोक्यातून जात नाही.

पुढे काही त्रास होईल का, हेही विचारलं. ज्यांच्या आयांना याच जातीचं औषध पहिल्यांदा दिलं, ती मुलं तिशीची झाल्यावर पुन्हा तपासली म्हणे. रक्तदाबात, बुद्धीत फरक नाही, साखरेच्या बाबतीत किंचित.

ती पहिली मुलं न्यूझीलंडची. ऑकलंडचे लिगिन्स डॉक्टर मेंढ्यांवर अभ्यास करत होते. जगूच नये इतक्या लवकर जन्मलेलं कोकरू श्वास घेताना त्यांना दिसलं. मग हॉवी डॉक्टरांबरोबर त्यांनी बायकांना याच जातीचं औषध देऊन पाहिलं. छापून आलं १९७२ साली.

लवकर जन्मून गेलेलं तुझं बाळ १९९१चं. मी वजाबाकी केली आणि पहाटेपर्यंत जागा राहिलो. हे तुला कळवावं की नाही, यातच महिना गेला. अमेरिकेतसुद्धा हे सर्रास देत नव्हते. तिथल्या तज्ज्ञांनी एकत्र बसून ‘द्या’ म्हटलं ते १९९४ साली. तेव्हा आपल्याकडे तुला कोण सांगणार होतं?

आणि मी काय म्हणालो होतो? कंबर तलावावर उभा राहून, ‘वहिनींना स्कूटरवरून अक्कलकोटला नेलं नसतंस तर.’ दोन वर्षं तू बोलला नाहीस, बरोबर केलंस. बाईंना मी मुद्दाम विचारलं. म्हणाल्या, पुष्कळदा कारण सापडतच नाही. स्वाती तर महिनाभर घराबाहेर पडली नव्हती. मी चुकलो होतो, दत्ता. ते शब्द मी परत घेतो. वहिनींनाही तू मागे पाण्याच्या कळशीवरून बोलला होतास. तेही परत घे, त्यांच्यासमोर.

निखिलच्या लग्नाचं कुठवर आलं? घराचा रंग झाला का?

बारसं उशिरा करणार आहोत, ती घरी आली की. दोघंही या. निघण्याआधी फोन कर, उचलेन.

तुझा,
सुधीर