तू सांगितलं होतंस

डेट्रॉइट, रविवार रात्र

बाळ्या,

पावणेदोन वर्षं ना पत्र ना फोन. चूक सगळी माझी. तब्येत बरी, साखर जरा वर, गोळी चालू.

आज माझी १९१७ची फोर्ड मॉडेल टी पुन्हा मॅग्नेटोवर, म्हणजे फ्लायव्हीलच्या चुंबकांनी बनणाऱ्या स्वतःच्या विजेवर, चालली आणि पहिला तूच आठवलास.

गाडीला बॅटरी भरणारा डायनॅमो नाही, हे तुला ठाऊक आहे. हँडल मारताना सहा व्होल्टची बॅटरी, इंजिन धरलं की स्विच मॅग्नेटोवर. दर वेळी बॅटरी काढून घरात चार्ज करायचा कंटाळा, म्हणून मॅग्नेटोवरूनच भरावी म्हटलं. तू बजावलंस, "मॅग्नेटोचं एक टोक बॉडीला आहे, बॅटरीची निगेटिव्हही बॉडीला. चार डायोडचा ब्रिज लावू नकोस, शॉर्ट होईल. एकच डायोड घे, तो वीज एकाच दिशेने जाऊ देईल, आणि प्रवाह आवरायला सिरीजमध्ये दिवा टाक. डीसी उलटी आत गेली तर चुंबक मरतील." मी काय म्हणालो? "ही तुझी लुना नाही." तू फोन ठेवलास. ते वाक्य मला अजून टोचतं रे. ज्या लुनावर आपण ट्रिपल सीट रंकाळा पालथा घातला, तिच्याबद्दल मी असं बोललो!

मी ब्रिजच लावला. हात भाजेल इतका तापला, मग जळका वास. आतून शॉर्ट होऊन बॅटरी सरळ कॉइलमध्ये उतरली. फ्लायव्हीलवरचे सोळाच्या सोळा चुंबक मलूल. बॅटरीवर गाडी ठणठणीत, मॅग्नेटोवर टाकली की दोन ठसके आणि बंद. तुला कोणत्या तोंडाने सांगणार होतो?

आज इंजिन न उतरवता चुंबक भरले. बारा व्होल्टच्या तीन बॅटऱ्या सिरीजमध्ये, चुंबकांची जागा कळायला ट्रान्समिशनच्या झाकणावर होकायंत्र. चुंबकांची टोकं कॉइलसमोर नीट येईपर्यंत हँडल बोट-बोट सरकवलं, मग केबल टर्मिनलला सेकंदभर टेकवली. प्रत्येक टेकवणीला चर्रकन ठिणगी. अशी वीसेक वेळा. संध्याकाळी हँडल मारलं (अंगठा आत न घेता, तुझ्या मनगटाची आठवण ठेवून) आणि स्विच फिरवला. ठिणगी देणाऱ्या चारही कॉइल भुंग्यासारख्या गुणगुणत राहिल्या! हेडलाइट आधी पिवळट, थ्रॉटल ओढला तसा पांढरा. पन्हाळ्याचा घाट चढताना लुनाचा दिवा असाच व्हायचा. मी तिथेच रडलो.

छकुलीच्या लग्नाची पत्रिका मिळाली होती, साधं कळवलंही नाही. तिला आशीर्वाद, वहिनींना नमस्कार. दुकान पोरगा बघतो ना आता?

आता एकच डायोड लावलाय आणि सिरीजमध्ये बारा व्होल्ट, एकवीस वॅटचा दिवा. पण वेगात मॅग्नेटो अठ्ठावीस-तीस व्होल्टपर्यंत जातो. हा दिवा टिकेल, की दोन लावू? तू सांगेपर्यंत बॅटरीची तार सोडून ठेवली आहे.

तुझा,
विन्या