बारावीच्या मुलांचे तास त्यांना परत द्या : शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

माननीय मुख्यमंत्री तथा शिक्षणमंत्री,
गोवा राज्य

सादर नमस्कार.

सत्तरी तालुक्यातल्या एका उच्च माध्यमिक विद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. बारावी विज्ञान हा माझा वर्ग. दरवर्षी जानेवारी आला की कुणीतरी पाहुणे येतात आणि परीक्षेच्या ताणावर तासभर बोलून जातात. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक राहा, मोबाईल दूर ठेवा. मुले शांत बसून ऐकतात, कारण तेवढा वेळ त्यांना कुणी काही विचारत नाही. बुडालेला तास मग मी शनिवारी भरून काढते, म्हणजे ताणावरच्या व्याख्यानामुळे मुलांचा शनिवारही जातो.

या मुलांना समजावणारे खूप आहेत. कमी पडतो तो वेळ. त्यातला बराचसा सरकारी वेळापत्रकांनी आणि परिपत्रकांनी खाल्लेला आहे, म्हणून हे पत्र तुम्हाला.

2025 साली बारावीचे वर्ग 7 एप्रिलला सुरू झाले. बोर्डाची परीक्षा फेब्रुवारीत घ्यायची तर अभ्यासक्रम लवकर सुरू करायला हवा, हे मला शिक्षिका म्हणून पटते. पण अकरावीचा शेवटचा पेपर आणि बारावीचा पहिला तास यांच्यामध्ये उरले किती दिवस? एप्रिल म्हणजे आमच्याकडे काजूचा ऐन हंगाम. पहाटे बागायतीत जाऊन बोंडू गोळा करायचे, बिया काढायच्या, वाळवायच्या, हे घरातल्या सगळ्यांचे काम असते. याच बियांच्या पैशातून क्लासची फी भरणारी घरे मला ठाऊक आहेत. मुलगा वर्गात बसला तर फीची जुळणी लांबते आणि बागायतीत गेला तर हजेरी जाते. मे महिन्याच्या सुट्टीत क्लासवाल्यांची बॅच सुरू होते, तेव्हा ती सुट्टी कागदावरच राहते.

त्यात परीक्षा दोन, आणि दोन्हींच्या मागण्या वेगळ्या. बोर्डाच्या पेपरात नर्न्स्ट समीकरणावरचा प्रश्न पायऱ्यापायऱ्यांनी सोडवावा लागतो, एकके लिहावी लागतात. वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत 180 प्रश्न 180 मिनिटांत, चुकलेल्या उत्तराला एक गुण वजा. तिथे तेच समीकरण डोक्यात सोडवून पर्याय भरायचा. शिवाय नीटला अकरावीचा अभ्यासक्रमही तितकाच लागतो, त्यामुळे संपलेली अकरावी बारावीच्या उरावर पुन्हा येऊन बसते. बोर्डासाठी सावकाश लिहिण्याची सवय लावावी तर नीटला गाडी अडते, आणि वेगाची सवय लागली की बोर्डाच्या पेपरात पायऱ्या गळतात. डॉक्टर व्हायचे असलेल्या मुलांचे डोळे बांबोळीच्या गोमेकॉकडे, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाकडे, लागलेले असतात. त्यातल्या 15 टक्के जागा अखिल भारतीय कोट्यात जातात आणि उरलेल्यांसाठी सारा गोवा रांगेत उभा असतो. ही चुरस तुम्ही कमी करावी असे मी म्हणत नाही, ती तुमच्या हातात नाही.

हातात आहे ती बस.

माझ्या वर्गातली एक मुलगी म्हादईच्या काठच्या गावातून येते. सकाळची पहिली बस चुकली की तिचा पहिला तास गेला. दुपारी शाळा सुटल्यावर डबा बसस्टँडवर खाऊन ती दुसऱ्या तालुक्यातल्या क्लासला जाते, कारण आमच्या बाजूला नीटचा धड क्लास नाही. संध्याकाळी परतीची शेवटची बस गाठायची म्हणून क्लास संपण्यापूर्वीच तिला उठावे लागते. शिकवून झाल्यावर सर जेव्हा एकेकाच्या शंका घेतात, नेमकी तेव्हा ती बसमध्ये असते. पणजी-पर्वरीची मुले त्या वेळी फळ्याभोवती गोळा झालेली असतात. दोघांचे पुस्तक एक, पेपर एक, आणि निकालानंतर लोक म्हणणार, ग्रामीण भागातली मुले कमी पडतात! बसमध्ये ती वाचत का नाही, असे मला एकदा एका पालकसभेत विचारले गेले. विचारणाऱ्याने वाळपईची संध्याकाळची बस पाहिलेली नसावी. तिथे दांडी धरायलाही हात पुरत नाहीत.

साखळी-वाळपई रस्ता तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे, तेव्हा जास्त सांगायला नको. सरकारी कदंब बसची एक फेरी रात्री साडेसातला वाळपईहून आतल्या गावांसाठी सोडता येईल. सांगे, केपे, काणकोण, पेडणे, धारबांदोडा इथेही हाच प्रश्न आहे. शाळांचे बालरथ, म्हणजे मुलांना ने-आण करणाऱ्या बसगाड्या, दुपारी मुलांना घरी सोडून उभे असतात. चालकाला जादा तासांचा मोबदला देऊन त्यांतला एखादा संध्याकाळी वापरता येईल का, ते पाहावे. आणि तालुक्यातल्या निदान एका उच्च माध्यमिक विद्यालयाचे वाचनालय सात वाजेपर्यंत उघडे ठेवावे. दिवे, पंखे, पिण्याचे पाणी आणि शंका सोडवायला आळीपाळीने एक शिक्षक, एवढे असले की काही मुलांची क्लासची पायपीटच टळेल. आमच्यातले काही जण थांबायला तयार आहेत. फक्त ते लेखी कामाच्या तासांत धरले जावे. फुकटच्या सेवेवर उभी राहिलेली योजना गणेश चवथीपर्यंतसुद्धा टिकत नाही.

चवथीचा विषय निघालाच आहे तर, बाहेरच्या राज्यांतून चालणाऱ्या ऑनलाइन टेस्ट सिरीजना आपल्या चवथीचा पत्ता नसतो. घरात गणपतीच्या वर फळापानांची माटोळी बांधली जात असते आणि मूल आतल्या खोलीत दार लावून तीन तासांचा पेपर सोडवत असते. यावर सरकारने काही करावे असे नाही. आईबापांनीच एक पेपर सोडायला सांगावे.

प्रयोगाच्या जर्नलबद्दल मात्र बोर्डाला सांगावे. आमची मुले आधी रफ वहीत रीडिंग घेतात आणि मग तेच सगळे फेअर जर्नलमध्ये सुवाच्य अक्षरात, आकृतीसह उतरवतात. रसायन, भौतिक, जीवशास्त्र, तिन्ही विषयांचे. टायट्रेशन ब्युरेटपाशी उभे राहून कळते. घरी रात्री अकराला मागच्या वर्षीच्या जर्नलवरून हेतू, साहित्य, कृती उतरवून काढल्याने फक्त झोप जाते. प्रयोगशाळेतली वही तारखेसह तिथल्या तिथे तपासली जावी आणि तीच परीक्षेला चालावी, असे एक परिपत्रक पर्वरीहून, बोर्डाच्या कार्यालयातून, निघाले तर खर्च शून्य. त्याच पत्रात प्रॅक्टिकलच्या तारखांबद्दलही लिहावे. 2025 साली अभियांत्रिकी प्रवेशाच्या जेईई मेनचे पहिले सत्र 22 जानेवारीला सुरू झाले आणि आपली बारावी 10 फेब्रुवारीला. त्या मधल्या दिवसांत प्रॅक्टिकल बसवू नयेत.

क्लासवाल्यांविषयी नवे नियम करायची गरज नाही. शाळेच्या वेळेत शाळेच्या मुलांचे क्लास घेऊ नयेत आणि दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त शिकवू नये, असे केंद्राने जानेवारी 2024 च्या मार्गदर्शक सूचनांत सांगितलेले आहे. राज्यात त्यांची तपासणी कोण करतो, एवढे जाहीर करावे.

राहिला समुपदेशकांचा प्रश्न. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक हवा, असे सर्वोच्च न्यायालयाने जुलै 2025 मध्ये सांगितले. विशाखापट्टणममध्ये नीटची तयारी करणाऱ्या एका सतरा वर्षांच्या मुलीच्या मृत्यूच्या प्रकरणात तो निकाल आला. आमच्याकडे येणाऱ्या मॅडम मनापासून काम करतात, पण त्यांना इतरही शाळा सांभाळायच्या असतात. रडू कोसळायचे ते त्यांच्या वाराला, असे मुलांना सांगता येत नाही. 14416 हा टेलि-मानसचा क्रमांक मी वर्गात फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवला आहे. तो फुकट आहे, दिवसरात्र चालतो, आणि तुमचे खाते तो हॉल तिकिटावरही छापू शकते.

यातली बसची फेरी आणि जर्नलचे परिपत्रक या दोन गोष्टी जूनमध्ये शाळा उघडण्यापूर्वी झाल्या, तर त्या सध्याच्याच बॅचला मिळतील. वाचनालयासाठी आमच्या शाळेची खोली पाहायला आपल्या खात्यातून कुणी आले, तर किल्ली माझ्याकडे असते.

आपली,
सत्तरीतील एक शिक्षिका